न्यूट्रिनोचं वस्तुमान: तुमचे प्रश्न

वाशीमपासून गोंदियापर्यंतच्या पत्रांत न्यूट्रिनो या विद्युतभार नसलेल्या अतिसूक्ष्म कणाबद्दल एकच गोंधळ पुन्हा पुन्हा दिसतो, म्हणून उत्तरं एकत्र देतो.

जुन्या गाइडमध्ये न्यूट्रिनोचं वस्तुमान शून्य दिलंय. बरोबर आहे का? (विद्यार्थिनी, आर्वी)

नाही. पेपरात काय लिहायचं ते मात्र तुझ्या फिजिक्सच्या सरांना विचारून घे.

तोलता येत नाही, तर वस्तुमान आहे हे कळलं कसं? (शिक्षक, दारव्हा)

रूप बदलण्यावरून. न्यूट्रिनो तीन प्रकारचे असतात आणि वाटेत एकाचे दुसरे होतात. जपानच्या सुपर-कामिओकांदे या न्यूट्रिनो टिपणाऱ्या प्रयोगाने 1998 मध्ये हे दाखवलं, पुढे कॅनडातल्या सडबरी प्रयोगाने. तिघांचंही वस्तुमान शून्य असतं तर असा बदल झालाच नसता. 2015 चं नोबेल याच कामाला मिळालं.

'न्यूट्रिनोचं वजन 0.45 इलेक्ट्रॉनव्होल्ट निघालं' असा मेसेज फिरतोय. खरं का? (वाचक, घाटंजी)

खोटं, आणि हाच मेसेज मला सगळ्यात जास्त खटकतो. इलेक्ट्रॉनव्होल्ट हे कणांची ऊर्जा आणि वस्तुमान मोजायचं अगदी छोटं एकक. जर्मनीतल्या कॅट्रिन प्रयोगाने 2025 मध्ये एवढंच छापलं, की वस्तुमान 0.45 पेक्षा जास्त नाही. ही वरची हद्द आहे, माप नव्हे. तिथे ट्रिटियम या किरणोत्सारी हायड्रोजनमधून सुटणारे इलेक्ट्रॉन तपासतात. दर वेळी सुमारे 18,600 इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा इलेक्ट्रॉन आणि न्यूट्रिनो वाटून घेतात. न्यूट्रिनोच्या वस्तुमानाइतका वाटा इलेक्ट्रॉनच्या हाती कधीच लागत नाही, म्हणून सर्वाधिक ऊर्जेच्या टोकाला इलेक्ट्रॉन किंचित कमी पडायला हवेत. ती तूट अजून सापडलेली नाही. धर्मकाट्यावर कापसाचं एक बोंड ठेवलं आणि काटा हलला नाही, तर बोंड बिनवजनाचं ठरत नाही. खालची हद्द रूपबदलातून मिळते: सर्वात जड न्यूट्रिनो किमान 0.05 चा. इलेक्ट्रॉन 5,11,000 चा असतो, म्हणजे हा कण किती हलका ते बघा. तिघांत जड कोणता, हेही ठरायचंय. चीनमधला जुनो प्रयोग त्याच्याच मागे आहे. पुढचा आकडा आला की आधी 'पेक्षा कमी' लिहिलंय का ते वाचा, नाहीतर कॉलेजातल्या प्राध्यापकांना दाखवा, मग पुढे पाठवा.

न्यूट्रिनोवर चालणारा पंप घ्यावा का? एजंट अ‍ॅडव्हान्स मागतो. (शेतकरी, सिंदेवाही)

भाऊ, एक रुपयाही देऊ नका. सूर्याचे अब्जावधी न्यूट्रिनो दर सेकंदाला नखातून आरपार जातात आणि जवळपास एकही अडत नाही. जपानच्या सुपर-कामिओकांदेच्या 50 हजार टन पाण्याच्या टाकीतही दिवसाला मोजकेच सापडतात. त्यावर मोटर कशी फिरेल? पैसे दिले असतील तर पावती घेऊन आजच पोलीस ठाण्यात जा, आठवडा घालवू नका. पंपाचं काय करायचं ते कृषी सहायकाला विचारा.