बहिष्कृत लोक स्वतःहून अनडेडांच्या गटात का जातील?

आपण मित्रांसाठी डंजन्स अँड ड्रॅगन्स या, एकत्र बसून पात्रे वठवत खेळायच्या खेळाची एक मोहीम, म्हणजे अनेक बैठका चालणारी कथा, रचत आहात. तीत ड्वार्फ, एल्फ, ऑर्क अशा निरनिराळ्या काल्पनिक वंशांनी हाकलून दिलेले लोक अनडेडांच्या, म्हणजे मरूनही न मेलेल्यांच्या, गटाला आपणहून जाऊन मिळतात, आणि हे खेळणाऱ्यांना पटेल का, असा आपला प्रश्न आहे. मी बेळगावात टिळकवाडीत दर शनिवारी रात्री पाच जणांचा असाच खेळ चालवतो आणि हीच कल्पना वापरून एकदा तोंडघशी पडलो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक भेद करायला हवा. नावाजलेल्या गेममध्ये बहुधा मेलेल्यांना उठवले जाते. ते सामील होत नाहीत. वॉरक्राफ्ट या संगणकावरच्या खेळातली सिल्व्हानस ही एल्फ, पण तिला आर्थस या राजपुत्राने मारून बळजबरीने उठवले आणि लिच किंगची, म्हणजे मेलेल्यांच्या सैन्याच्या धन्याची, पकड सैल झाली तेव्हाच ती मोकळी झाली. तिने उभा केलेला ‘फॉरसेकन’ हा गट मुख्यतः लॉर्डेरॉन या मानवी राज्यातल्या मृत माणसांचा आहे. त्याच खेळात २००८ मध्ये आलेल्या डेथ नाइट्समध्ये, म्हणजे मेलेल्या योद्ध्यांमध्ये, त्या वेळी खेळता येणारे दहाही वंश होते खरे, परंतु तेही सक्तीनेच उठवलेले, आणि सुटका झाल्यावर ते आपापल्या जुन्या पक्षाकडे परत गेले, जिथे शहरातल्या लोकांनी त्यांच्यावर कुजकी फळे फेकली. आपल्या कथेत मात्र जिवंत माणूस विचार करून तिकडे जाणार आहे, आणि ते दाखवणे पुष्कळ अवघड आहे.

माझी फजिती इथेच झाली. आमच्यातला एक मित्र गोकाककडचा, कन्नड बोलणारा. त्याच्या वाट्याला जातीबाहेर टाकलेला ड्वार्फ आला होता. मेलेल्यांच्या राजाने त्याला सन्मानाने बोलावले की तो धावत जाईल, अशी माझी अटकळ होती. तो शांतपणे म्हणाला, “गावाने हाकलले म्हणून मी मरायचे कशाला? मी पुढच्या गावाला जाईन.” माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि त्या रात्रीचा खेळ तिथेच संपला.

उत्तर मला पुढे आजीच्या एका जुन्या गोष्टीत सापडले. तिच्या लहानपणी गावाने एका घराला वाळीत टाकले होते. त्या घराला कोणी मारहाण केली नाही. फक्त विहिरीवर पाणी भरू दिले नाही, पंगतीला बोलावले नाही, मुलीला आलेले स्थळ मोडले, आणि घरातला म्हातारा गेला तेव्हा तिरडीला खांदा द्यायला कोणी आले नाही. पुढच्या गावीही हे आधीच कळलेले होते, कारण सोयरीक तिथेच होती. पाणी, पंगत, लग्न आणि खांदा ही गावाची चार हत्यारे आहेत, आणि ती चारही जिवंत माणसावरच चालतात. ज्याला तहान लागत नाही त्याला विहीर बंद करून काय होणार? अनडेड होणे म्हणजे वाळीत टाकण्याची धारच बोथट करणे, हे कारण माझ्या मते सूड किंवा सत्तेच्या हव्यासापेक्षा कितीतरी भक्कम आहे. म्हणून खेळणाऱ्यांना लिचच्या, म्हणजे मेलेल्यांच्या राजाच्या, दरबारात नेण्याआधी दोन-तीन बैठका त्या विहिरीवर घालवा.

दुसरा प्रश्न, मेल्यावर वंश उरतो का? १९९९ च्या हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३ या संगणकावरच्या खेळात नेक्रोपोलिस या मेलेल्यांच्या शहरात एक इमारत आहे, जिच्यात कोणतेही सैन्य घातले तरी सांगाडेच बाहेर येतात, ड्रॅगन असेल तर फार तर हाडांचा ड्रॅगन. ही समता आहे, पण ओळख पुसून मिळालेली. उलट २०१७ च्या डिव्हिनिटी: ओरिजिनल सिन २ या खेळात मानव, एल्फ, ड्वार्फ आणि लिझर्ड (सरड्यासारखे लोक) या चारही वंशांचे अनडेड वेगवेगळे राहतात, विषाने त्यांच्या जखमा भरतात, बरे करणारा मंत्र त्यांनाच इजा करतो, आणि चेहरा झाकल्याशिवाय गावात फिरता येत नाही. मला हाच मार्ग पटतो. आपल्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या नियमांतही त्याला आधार आहे: २०२१ मध्ये आलेल्या ‘रीबॉर्न’ या, मरून परतलेल्या पात्रांच्या प्रकारात अन्न, पाणी, श्वास यांची गरज संपते, तरी आधीच्या वंशाकडून मिळालेली कौशल्ये ठेवता येतात.

आपल्याकडची भुते तर मेल्यावरही जात सोडत नाहीत. मुंजा हा मुंज झालेला ब्राह्मणाचा मुलगाच राहतो आणि पिंपळावरच बसतो, बाळंतपणात गेलेली हडळ होते, बुडालेला गिऱ्हा होऊन पाण्यातच राहतो. आणि या सगळ्यांचा राजा वेताळ, ज्याची आमच्या इथून चोर्ला घाट उतरून गोव्यात किंवा आंबोली उतरून सावंतवाडीकडे गेले की ग्रामदेव म्हणून पूजा होते. (त्या कन्नड मित्राला मी हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, आमच्या देव्वालाही, म्हणजे कन्नड भुतालाही, यात घ्या.) वेताळाच्या मागे चालणारी ही मिरवणूक एकजीव नाही, आणि म्हणूनच ती जिवंत वाटते. आपल्या गटातही ड्वार्फाने आपल्या भाषेत शिव्या द्याव्यात आणि एल्फाने त्याच्याशेजारी बसताना नाक मुरडावे, नाक उरले असेल तर.

राहिला वाढीचा प्रश्न. मेलेल्यांना मुले होत नाहीत. वॉरक्राफ्टमध्येही ही अडचण आली, म्हणून २०१० च्या कॅटाक्लिझम या त्याच्या पुढच्या भागात सिल्व्हानस मेलेल्यांना उठवू शकणाऱ्या वाल्किरांकडून नवे मृत उठवू लागली. आपला गट मात्र बहिष्कृतांवरच वाढणार असेल, तर कधी ना कधी त्याला बहिष्कृत तयार करावेसे वाटणारच. मी तेच केले: ड्वार्फाला ज्या अफवेमुळे गावाने वाळीत टाकले ती मेलेल्यांनीच पेरलेली होती, हे त्याला सातव्या शनिवारी कळू दिले. तो गट सोडेल असे मला वाटले होते. त्याने सोडला नाही. म्हणाला, अफवा यांनी उठवली असेल, पण विहिरीचा दोर माझ्या सख्ख्या भावाने काढून घेतला होता.