वाचकांचे प्रश्न : दोरी चांगल्या सोयाबीनवरच का पडली?

प्रश्न : यंदा आमच्या वावरात विम्यासाठी सोयाबीनचा पीक कापणी प्रयोग झाला, म्हणजे दोरीनं आखलेल्या तुकड्यातलं पीक कापून दाणा मोजला. अर्धं वावर पाण्यानं पिवळं पडलेलं, पण दोरी पडली धुऱ्याकडच्या चांगल्या तुकड्यात. कृषी सहायकाला "इकडे लावा" म्हणून किती सांगितलं, तो ऐकेना. दुसरं म्हणजे, पुतण्यानं वाचलं की शेतीची आकडेवारी गोळा करता यावी म्हणून आफ्रिकेतल्या देशांना परदेशातून पैसा मिळतो. आकड्यांवर एवढा खर्च कशाला?
– एक शेतकरी, दारव्हा तालुका

उत्तर : भाऊ, तो ऐकला नाही हे बरंच झालं. राग येईल, पण मी कृषी खात्यात नोकरीभर हेच काम केलं, म्हणून सांगतो.

ती जागा सहायक निवडत नाही. वावराच्या नैऋत्य कोपऱ्यातून लांबीला किती अन् रुंदीला किती जायचं, हे यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठी काढल्यासारख्या आकड्यांवरून ठरतं. तुमच्या सांगण्यावरून दोरी सरकली, तर उद्या विमा कंपनीचा माणूसही ती आपल्या सोयीनं सरकवायला सांगेल. मग प्रयोग कशाचा, बोली झाली ती! आणि तुमचा दावा तुमच्या एका वावरावर ठरत नाही. महसूल मंडळात, म्हणजे काही गावांच्या गटात, एका पिकाचे किमान 10 प्रयोग होतात. त्यांची सरासरी उंबरठा उत्पादनाशी, म्हणजे मंडळाच्या मागच्या वर्षांवरून ठरलेल्या उत्पादनाशी, ताडून पाहतात; त्याखाली गेली तर भरपाई.

खरं लक्ष ठेवायचं ते दोरी ताणल्यावर. 10 बाय 5 मीटरचा चौकोन, म्हणजे 50 चौरस मीटर. त्यात 6 किलो दाणा निघाला की हेक्टरी 12 क्विंटल झाले. वजनात 100 ग्रॅमची चूक झाली, तर हेक्टरी 20 किलोचा फरक. सोंगणाऱ्या बाया सवयीनं अख्खा मुठा ओढतात, त्यात दोरीबाहेरची झाडंही येतात. बुंधा आत असेल तरच झाड आत, फांदी कुठेही झुको. ही बारीक गोष्ट वाटते, पण याच मुद्द्यावर लहान चौकोन पुरे म्हणणारे महालनोबिस आणि आपले साताऱ्याकडचे पां. वा. सुखात्मे या दोन संख्याशास्त्रज्ञांत मोठा वाद झाला होता. चौकोन लहान घेतला की काठावरची झाडं आत ओढली जातात आणि उत्पादन फुगतं, हे सुखात्म्यांनी दाखवलं. पुढे ते रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकी विभागाचे संचालक झाले. कापसावरची सुरुवातीची मोठी पाहणी तर 1942-43 मध्ये आपल्या अकोला जिल्ह्यातच झाली होती.

आता आफ्रिकेचं. आपल्याकडे तलाठी, सातबारा, पीक पाहणी हे जाळं जुनं आहे, कितीही शिव्या घाला. तिकडे बऱ्याच देशांत असं काही नाही. शेतकऱ्याला तोंडी विचारतात. त्यात लहान तुकडा मोठा सांगितला जातो, मोठा लहान. कसावा (ज्याचा साबुदाणा होतो तो कंद) तर लागेल तसा महिनोन् महिने उपटून खातात, एकूण किती निघाला हे घरच्यांनाही सांगता येत नाही. मग धान्य आयात करायचं की नाही, हे सरकार अंदाजानं ठरवतं. त्यासाठीच अन्न व कृषी संघटना, जागतिक बँक आणि इफाड (संयुक्त राष्ट्रांचा कृषी विकास निधी) यांनी '50 बाय 2030' उपक्रम काढला : 2030 पर्यंत 50 देशांत नियमित शेती सर्वेक्षण उभं करायचं. टॅब्लेट अन् उपग्रहाची छायाचित्रं त्यात आहेतच, पण माझ्या मते पैसा आधी वावरात उभं राहणाऱ्या माणसावर लागावा. आपल्याकडेही तीच बोंब. पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाचा प्रयोग म्हणजे एकाच चौकोनाची प्रत्येक वेचणी मोजायची. एका सहायकाकडे चार-पाच गावं, आणि तिसऱ्या वेचणीला तो दुसऱ्याच गावात असतो. ती वेचणी राहिली की आकडा घसरतो, आणि त्याच आकड्यावर पुढे कापसाचं धोरण ठरतं.

पुढच्या वेळी दोरी कुठे पडते यावर भांडू नका. मळणी होईपर्यंत तिथं थांबा, वजनकाटा शून्यावर आहे का बघा, आणि आकडा भरल्याशिवाय कोऱ्या फॉर्मवर सही करू नका.

प्रश्न : सोयाबीनमध्ये तुरीचे थोडे तास (ओळी) आहेत. ई-पीक पाहणीत (मोबाइलवरच्या पीक नोंदीत) नुसतं सोयाबीन लिहिलं तर चालेल का?
– वाचक, मंगरूळपीर

उत्तर : नाही. मिश्र पीक निवडा आणि तुरीचं क्षेत्र तासांच्या हिशोबानं वेगळं भरा. नोंद नसली की हमीभावाच्या खरेदीला तूर घेऊन गेल्यावर अडचण येते.