साच्याला कानस लावण्याआधी गोळ्या नीट बघा

दादा, तुमचा प्रश्न असा: खानापूरकडे घरीच मासे धरायच्या फेकजाळ्यासाठी शिशाच्या गोळ्या ओतताय, आठ खाचांचा ॲल्युमिनियमचा दोन भागांचा नवा साचा आहे, गोळ्यांना सुरकुत्या पडतात, कडेनं पापुद्रा येतो, दोन खाचा अर्धवट भरतात आणि एकीत गोळी अडकून बसते. साचा कानसून बघू की परत देऊ, असं विचारलंय.

कानस आत्ता हातातच घेऊ नका. बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत तीस वर्षं मोल्डिंग केलं. शिकाऊ असताना एक डाय, म्हणजे धातूचा साचा, मी अशीच घाईनं घासली आणि ती कायमची बाद झाली. दोष डायमध्ये नव्हताच, धातू गार ओतला जात होता. घासलेला धातू परत लावता येत नाही.

पहिलं काम, खाचांना बाहेरून एक ते आठ नंबर घाला. पाच वेळा ओता आणि प्रत्येक वेळच्या गोळ्या त्याच क्रमानं फळीवर मांडा. दोष दर वेळी त्याच नंबरला येत असेल तर साच्यात काहीतरी आहे. आज तीनला, उद्या सहाला असा फिरत असेल तर साचा निर्दोष आहे. उष्णता, धातू किंवा ओतणारा हात बघायचा. तुमच्या चार तक्रारींपैकी सुरकुत्या बहुतेक या दुसऱ्या जातीच्या निघतील.

सुरकुत्या म्हणजे आमच्या भाषेत कोल्ड शट. शिसं ३२७ अंशाला वितळतं, पण नुसतं वितळलेलं शिसं ओतण्याजोगं नसतं. ते थंड साच्याला टेकताच कातडी धरतं आणि मागून आलेला धातू त्या कातडीवर सरकतो. म्हणून साचा शेगडीच्या कडेला ठेवून चांगला तापवा आणि पहिल्या आठ-दहा खेपा सरळ परत कढईत टाका. खाचेच्या तोंडावरचं शिसं ओतल्या ओतल्या गोठत असेल तर साचा अजून गार आहे. तीन ते पाच सेकंद ओलं राहिलं की बरोबर. गोळी रवाळ, पांढुरकी दिसायला लागली तर साचा जास्त तापलाय. जाळ्याच्या गोळीला त्यानं काही बिघडत नाही, दोन मिनिटं थांबा.

साचा तापूनही सुरकुत्या जात नसतील तर तेल. नव्या साच्यात मशिनिंगचं तेल खाचांच्या तळाशी राहतं, डोळ्यांना दिसतही नाही. भांड्याच्या साबणानं, गरम पाण्यानं, जुन्या टूथब्रशनं घासा, उन्हात वाळवा आणि मग मंद आचेवर बराच वेळ तापवा. पाण्याचा थेंब राहता कामा नये, त्याबद्दल खाली लिहितो. नंतर मेणबत्तीची काजळी पातळ धरा. जाड धरली तर तीच हवेची वाट बुजवते.

आता अर्धवट भरणाऱ्या दोन खाचा. त्याच दोन असतील तर आतली हवा बाहेर पडत नाहीये. आधी साचा किंचित तिरका धरून खाचेच्या एका कडेनं बारीक, न तुटणारी धार सोडा, म्हणजे दुसऱ्या कडेनं हवा निघते. तोंडावर थोडं शिसं जास्त राहू द्या. शिसं गोठताना आकसतं आणि वरचा साठा ती भर पुरवतो. नाहीतर तोंडाशी खळगा पडतो. एवढं करूनही भरत नसेल तर जोडाच्या सपाट बाजूवर, खाचेपासून बाहेरच्या कडेपर्यंत, सुईनं केसाएवढी एक रेघ ओढा. इतक्या बारीक वाटेत शिसं शिरत नाही, हवा मात्र जाते. एका खाचेला एकच रेघ, आणि लगेच ओतून बघा.

धातूचाही दोष असतो. हायवेवरच्या गॅरेजमधून चाकांच्या बॅलन्सिंगची जुनी वजनं आणत असाल तर त्यांत जस्ताची निघतात. फरशीवर टाकली की शिशाची धप्प वाजतात, जस्ताची टणकन. शिशावर नखाचा ओरखडा उठतो, जस्तावर नाही. जस्त ४१९ अंशाला वितळतं, त्यामुळे आच बेताची असेल तर ते वर तरंगतं आणि झाऱ्यानं काढता येतं. एकदा विरघळलं की सगळी कढई घट्ट भातासारखी होते आणि खाचेचे कोपरे भरत नाहीत. जस्ताचा मुलामा दिलेल्या बादलीत शिसं वितळवण्याचंही कारण नाही. जाड लोखंडी कढई घ्या. मळी, म्हणजे शिशावर तरंगणारा मळ, काढताना थोडा कोरडा लाकडी भुसा टाकून ढवळा. कल्हईवाल्याकडचं थोडं कथील शेकडा एक-दोन या हिशेबानं मिसळलं तर शिसं कोपऱ्यात छान धावतं. पण गोळी दाबून दोरीवर बसवणार असाल तर मऊ, निव्वळ शिसंच ठेवा.

पापुद्रा म्हणजे साचा पूर्ण मिटत नाही. गार साचा मिटून ट्यूबलाइटसमोर धरा. फट दिसली की जोडावर शिशाचा कण चिकटलाय का ते बघा. बहुतेक वेळा तोच असतो. साचा गरम असताना बांबूच्या काडीनं खरवडा, स्क्रू ड्रायव्हर लावू नका. कण नाही तरी फट आहे, तर जुळवणीच्या पिना किंवा बिजागरी तपासा. आणि खरं सांगा, गरम साचा पाण्यात बुडवून गार करत होता का? तसं केलं तर ॲल्युमिनियम वाकतं. वाकलेला साचा घरी घासून सरळ होत नाही, ते फिटरचं काम आहे. बुडवला नसेल आणि पहिल्या दिवसापासून फट असेल तर मात्र बेधडक परत द्या.

गोळी अडकते त्या खाचेच्या कडेवरून कापसाचा बोळा हलकेच फिरवा. जिथं धागा अडकेल तिथं बर, म्हणजे धातूची बारीक उठलेली धार, आहे. तेवढ्याच जागी बांबूनं किंवा तांब्याच्या पातळ पट्टीनं दाबून काढा. गोळी सुटत नसेल तर लाकडी हातोडीनं बिजागरीवर ठोका, साच्यावर नाही. गोळीत भोक राहावं म्हणून साच्यात घातलेली तार अडकत असेल तर तिलाही काजळी धरा आणि शिसं गोठल्याबरोबर फिरवून ओढा. गार होताना शिसं तारेला आवळून धरतं.

पाण्याबद्दल आता. तुमच्याकडचा पाऊस मी कणकुंबीपर्यंत बघितलाय, तिथं भंगार कधी पूर्ण कोरडं नसतं. तापल्या शिशात ओला तुकडा बुडाला की पाण्याची क्षणात वाफ होते, ती हजारपटीहून जास्त फुगते आणि शिसं अंगावर उडतं. माझ्या डाव्या मनगटावरचा डाग त्याचाच आहे. भंगार कढई गार असतानाच टाका, पळी तापवून मगच बुडवा, पावसात ओतू नका. चष्मा, पायात बूट, पूर्ण बाह्या.

बॅटरीच्या प्लेटा कितीही स्वस्त मिळाल्या तरी वितळवू नका. त्यातल्या ॲसिडनं आणि इतर धातूंनी फार विषारी वायू-धूळ होते. साधं शिसंही घरात नको. मुलांच्या बाबतीत शिशाची कुठलीच मात्रा सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि गर्भवती बाईलाही ते तितकंच वाईट. परसात, वारं पाठीमागून येईल असं बसा. मळीची राख झाडू नका, ओल्या फडक्यानं टिपून डब्यात बंद करा. फडकं मात्र कढई पूर्ण गार झाल्यावरच जवळ आणा. ती कढई परत स्वयंपाकघरात जाता कामा नये. चहा-विडीआधी साबणानं हात धुवा, कपडे वेगळे धुवा.

पाच खेपांच्या गोळ्या नंबरवार मांडून फोटो टाका, आणि तोंडावरचं शिसं किती सेकंदांत गोठतं तेही लिहा. मग त्या अडकणाऱ्या खाचेचं बघू.