बायपासनंतर वडिलांना बलून लावलाय, आता एक्मो लागेल म्हणतात. पेशंट वाचतो का? कोल्हापुरातून पुण्याला हलवावं का?

बलून म्हणजे जांघेतल्या धमनीतून महाधमनीत सरकवलेला, बहुतेकदा ४० सीसीचा फुगा. हृदय सैल पडलं की तो हेलियमने फुगतो आणि करोनरींना, म्हणजे हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या धमन्यांना, जास्त रक्त मिळतं. आकुंचनाच्या ऐन आधी रिकामा होतो आणि हृदयाचा भार हलका होतो. पण ही मदत मिनिटाला अर्धा ते एक लिटरच. हृदयात स्वतःचा जोरच उरला नसेल तर बलून पुरत नाही.

एक्मो हे हृदय-फुफ्फुसांचं काम करणारं मशीन मिनिटाला चार-पाच लिटर रक्त शिरेतून काढून, ऑक्सिजन देऊन धमनीत सोडतं. तरी हृदयाच्या ऑपरेशननंतर ज्यांना ते लागतं त्यांच्यातले शंभरात साधारण ३५ ते ४० जणच घरी जातात. कारण मशीन फक्त वेळ मिळवून देतं. म्हणून डॉक्टरांना आधी हे विचारा: हृदय कशानं दमलंय? ग्राफ्ट, म्हणजे बायपासमध्ये जोडलेली रक्तवाहिनी, बंद पडलाय का, छातीत रक्त साठून हृदय दाबलं गेलंय का, हे इको आणि गरज पडल्यास अँजिओ करून बघतात; तसं असेल तर पहिला इलाज तोच. ऑपरेशनच्या ताणानं सुन्न झालेलं हृदय काही दिवसांत सावरू शकतं. जुन्या अटॅकनं स्नायूच मेला असेल, तर ट्रान्सप्लांट किंवा कायमचा पंप शक्य नसताना एक्मोतून सुटायला वाट उरत नाही. हे ऐकायला कठीण आहे, पण विचाराच.

रोज लॅक्टेट (शरीराला रक्त कमी पडलं की रक्तात वाढणारं आम्ल) उतरतंय का आणि तासाला लघवी किती, हे बघा. नळी घातलेला पाय गार, फिकट पडला तर लगेच सांगा. एक्मोत त्या पायाला रक्त देणारी वेगळी बारीक नळी घालतात, ती घातलीय का विचारा. ऑक्सिजनची तपासणी उजव्या हातातून हवी. फुफ्फुसं खराब असताना हृदय सावरू लागलं, तर हृदय फुफ्फुसांतलं कमी ऑक्सिजनचं रक्त मेंदूला ढकलतं आणि मशीनचं रक्त मिळणाऱ्या पायातला नमुना मात्र छान येतो. हेपारिन या रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधाचा तोल अवघड: कमी पडलं तर गुठळी, जास्त झालं तर रक्तस्राव. बलूनच्या गॅसनळीत रक्त दिसलं तर फुगा फुटलाय, तो तातडीनं काढावा लागतो.

पुणे २३० किलोमीटर, त्यात सहापदरीकरणाची डायव्हर्शनं. रक्तदाब टिकवणाऱ्या औषधांचे डोस चढत असताना नुसत्या बलूनवर हा प्रवास धोक्याचा. एक्मो टीम इथं येऊन मशीन लावून मग नेईल का, हे आजच विचारा, किडनी बंद पडायची वाट बघू नका. आणि बलूनवरच न्यायचं ठरलं तर बॅटरी किती तास चालते ते आधी तपासून घ्या. फुगा अर्धा तास निश्चल राहिला तर त्यावर गुठळी धरते.