खोगिरासाठी अडीच लाख घालावेत का?

बेळगावच्या टिळकवाडीतून एका शिक्षिका भगिनींनी सविस्तर पत्र लिहिले आहे. त्याचा सारांश आधी देतो, कारण आकडे समोर असल्याशिवाय उत्तराला अर्थ राहणार नाही. त्यांचे वय ४३ आहे, यजमानांचे उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत जॉबवर्कचे लहान वर्कशॉप आहे आणि मुलगी दहावीत आहे. दोघांचे मिळून महिन्याला सरासरी १,०५,००० रुपये घरात येतात आणि ७८,००० खर्च होतात. त्या खर्चात गृहकर्जाचा २१,५०० चा हप्ता आणि घोड्याचा खुराक, मोतद्दार, नालबंद, डॉक्टर यांचे १४,००० धरलेले आहेत. बँकेत ३,४०,००० रुपयांची मुदत ठेव आहे. निपाणीकडच्या सामाईक शेतातल्या उसाचा वाटा वर्षाकाठी सुमारे १,८०,००० येतो, मात्र उतारा दिरांच्या नावावर आहे. शिवाय पुढच्या महिन्यात ६०,००० रुपयांची भिशी हातात येणार असून ती मुलीच्या पाटल्यांसाठी राखून ठेवलेली आहे.

दोन वर्षांपूर्वी या भगिनींनी शर्यतीतून निवृत्त झालेला, आज आठ वर्षांचा असलेला घोडा पुण्याहून आणला. तो हिंडलग्याजवळ एका परिचितांच्या तबेल्यात असतो आणि आठवड्यातून चार दिवस त्या ड्रेसाजचा, म्हणजे घोड्याकडून ठरावीक चाली सफाईने करून घेण्याच्या प्रकाराचा, सराव करतात. आतापर्यंत तबेल्यातले जुने, सर्वसाधारण वापराचे खोगीर चालवून घेतले. पण आता घोड्याच्या पाठीवर पांढऱ्या केसांचा ठिपका दिसू लागला आहे. त्यांच्यासमोर तीन पर्याय आहेत. पहिला, परदेशी बनावटीचे, रुंदी कमीजास्त करता येणारे नवे चामड्याचे ड्रेसाज खोगीर, बेंगळुरूच्या विक्रेत्याकडून २,६०,००० रुपयांना, क्रेडिट कार्डावर २४ हप्त्यांत. दुसरा, पुण्यातल्या एका स्वाराचे वापरलेले, पुढची पट्टी बदलता येणारे सिंथेटिक खोगीर, ८५,००० रुपयांना. तिसरा, कानपूरच्या कारागिराकडून मापाने करून घेतलेले चामड्याचे खोगीर, ४२,००० रुपयांना. “हौसेला मोल नसते, पण निर्णय चुकू नये,” असे त्यांनी लिहिले आहे.

ताई, हौसेला मोल नसले तरी हप्ता असतो, म्हणून आधी हप्त्याकडे पाहू. २,६०,००० रुपये १६ टक्के व्याजाने २४ महिन्यांत फेडायचे तर महिन्याचा हप्ता सुमारे १२,७३० रुपये होतो आणि एकूण व्याज सुमारे ४५,५०० रुपये जाते. कार्डावरच्या हप्त्यांत त्या व्याजावर १८ टक्के जीएसटीही लागतो, म्हणजे आणखी ८,२०० रुपये. प्रक्रिया शुल्क वेगळेच. आपली महिन्याची शिल्लक २७,००० आहे आणि तिच्यातला जवळजवळ अर्धा भाग दोन वर्षे एका खोगिरात अडकून पडेल. उसाच्या बिलातून हे कर्ज मधेच फेडू, असे आपण लिहिले आहे. ऊस घातल्यावर १४ दिवसांत पैसे द्यावेत आणि उशीर झाल्यास १५ टक्के दराने व्याज द्यावे, असे ऊस नियंत्रण आदेशात आहे हे खरे. पण गेल्या हंगामातले बिल आपल्याच घरी दोन तुकड्यांत आणि उशिरा आले, हेही आपणच कळवले आहे. त्यातून उतारा दिरांच्या नावावर असल्याने पैसे आधी त्यांच्या खात्यात जमा होतात. जो पैसा दुसऱ्याच्या खात्यातून आणि दुसऱ्याच्या सवडीने येतो, त्याच्या भरवशावर दर महिन्याच्या ठरल्या तारखेचा हप्ता घेऊ नये.

मुदत ठेव मोडण्याचा विचारही बाजूला ठेवावा. आपला सहा महिन्यांचा खर्च ४,६८,००० होतो आणि ठेव ३,४०,००० ची आहे, म्हणजे अडीअडचणीच्या निधीत आधीच १,२८,००० ची तूट आहे. यजमानांचे उत्पन्न जॉबवर्कचे आहे. मोठ्या कारखान्याची ऑर्डर थांबली की मशीन थांबते, हे उद्यमबागेत कोणाला सांगायला नको.

मग खोगीर घेऊच नये का? घ्यावे, आणि लवकर घ्यावे. आपण पाठवलेले छायाचित्र मी घोडदळातल्या एका निवृत्त रिसालदारांना दाखवले, कारण पैशांचे मला कळते, पाठीचे त्यांना. खांद्याच्या पात्याच्या मागे, डाव्या अंगाला, रुपयाच्या नाण्याएवढा पांढरा ठिपका आहे. त्यावर बोट ठेवून ते म्हणाले की हे केस आतल्या दाबाने पांढरे झाले आहेत. तिथली केसांची मुळे दुखावली की पुढे येणारा केस पांढरा येतो. याचा अर्थ जुने खोगीर आताच नुकसान करीत आहे. पाठ धरलेला घोडा महिनाभर उभा राहिला, तरी त्याचा १४,००० चा खर्च चालूच राहतो, शिवाय डॉक्टरांचे बिल वेगळे. म्हणून हा खर्च निव्वळ हौसेचा आहे, असे मी मानत नाही.

आता प्रश्न उरतो तो ‘अॅडजस्टेबल’ या शब्दाचा, कारण तिन्ही पर्यायांतला भावातला फरक मुख्यतः त्या शब्दाचा आहे. खोगिराच्या आत एक कडक सांगाडा असतो. त्याचा पुढचा कमानीसारखा भाग घोड्याच्या मानेमागच्या उंचवट्यावरून दोन्ही खांद्यांकडे उतरतो. ही कमान अरुंद असली तर खोगीर पुढून उचलले जाते आणि खांदे आवळते. रुंद असली तर पुढून खाली बसते आणि उंचवट्यावर टेकते. शर्यतीतून आलेल्या घोड्याचा उंचवटा बहुधा ठळक असतो आणि पाठीवर मांस कमी असते. योग्य सराव आणि खुराक मिळाला की वर्ष-दोन वर्षांत पाठ भरते, आजारपण किंवा विश्रांती झाली की पुन्हा उतरते. अशा घोड्याला रुंदी बदलता येणारे खोगीर हवे, हा आपला विचार बरोबर आहे.

पण इथेच घोडे पेंड खाते. बदलता येणे म्हणजे कोणाला आणि कुठे बदलता येणे? काही खोगिरांत पुढची धातूची पट्टी स्क्रू काढून घरच्या घरी बदलता येते. काहींचा सांगाडा मात्र खास यंत्रात घालूनच रुंद किंवा अरुंद करावा लागतो आणि ते काम खोगीर बसवून देणारा जाणकार फिटर करतो. बेंगळुरूच्या विक्रेत्याने दिलेले पत्रक मी वाचले. ते खोगीर दुसऱ्या प्रकारचे आहे. म्हणजे दर वेळी खोगीर पाचशे किलोमीटर पाठवायचे, ते परत येईपर्यंत जुन्याने भागवायचे आणि परत आलेले नीट बसले नाही तर पुन्हा पाठवायचे. जी सोय बेळगावात वापरताच येणार नाही, तिच्यासाठी पुण्याच्या खोगिरापेक्षा जादा पावणेदोन लाख का द्यावेत?

शिवाय रुंदी बदलली म्हणजे काम संपले असे नाही. पट्टी बदलली की खोगिराचा तोल बदलतो आणि खालच्या गाद्यांतली लोकर कमीजास्त करून तो पुन्हा साधावा लागतो. निरुपयोगी भरणा दाखवायला आपण ‘खोगीरभरती’ हा शब्द सहज वापरतो, पण खोगिराच्या बाबतीत घोड्याच्या पाठीचे सुख त्या भरतीवरच अवलंबून असते! म्हणून आपल्या अंदाजपत्रकात खोगिराच्या किमतीशिवाय फिटरच्या भेटीचा, लोकर भरण्याचा आणि एखाद्या जादा पट्टीचा असे मिळून १५,००० रुपये सुरुवातीलाच वेगळे धरावेत, आणि पुढे वर्षातून निदान एकदा तपासणीचा खर्च धरावा.

आणखी एक गोष्ट जवळजवळ कोणताच विक्रेता आपण होऊन सांगत नाही. जे बदलते ते घोड्यासाठी बदलते, स्वारासाठी फारसे काही बदलत नाही. बैठकीची लांबी, बैठकीची मधली रुंदी, मांडीखालच्या पाखांची लांबी या गोष्टी खोगीर बनते तेव्हाच ठरतात. फार तर गुडघ्यापुढचा ठोकळा मागे-पुढे सरकवता येतो. ड्रेसाजमध्ये पाय लांब सोडून बसायचे असते, म्हणून पाखा लांब आणि जवळजवळ सरळ असतात, बैठक खोल असते. बैठक आखूड पडली तर मांडी ठोकळ्यावर अडकते आणि स्वार मागे लोटला जातो. फार लांब पडली तर तो पुढे-मागे घसरत राहतो. ‘मुलगी मोठी झाली की तिलाही तेच होईल’ हे आपले गणित म्हणूनच धरता येत नाही. ती अजून वाढते आहे आणि तिच्या मांडीचे माप आपल्या मापाशी जुळेलच असे नाही. तेव्हा घोड्याच्या बाजूने थोडीफार तडजोड नंतर करता येते, पण आपल्या मापाची तडजोड खरेदीच्या दिवशीच कायमची होऊन बसते.

कानपूरच्या पर्यायाबद्दल माझे मत अनेकांना अनपेक्षित वाटेल. कानपूरच्या खोगिरांना भौगोलिक मानांकन आहे आणि तिथला माल परदेशातही जातो; ४२,००० ला मापाने शिवलेले चामड्याचे खोगीर हा वाईट सौदा मुळीच नाही. ज्या घोड्याची पाठ दोन-तीन वर्षे एकाच आकारात स्थिर आहे, त्याच्यासाठी मी हाच पर्याय सुचवला असता. आपल्या घोड्याची पाठ मात्र अजून भरते आहे. आज घेतलेले माप वर्षभराने चुकले तर सांगाडा बदलता येणार नाही, आणि एकाच घोड्याच्या मापाने केलेल्या खोगिराला गिऱ्हाईक मिळणेही कठीण. वर्षा-दोन वर्षांनी पाठ स्थिरावली की त्या कारागिराचा पत्ता उपयोगी पडेल, तो जपून ठेवावा. जाता जाता एक गोष्ट: तंगाचे पट्टे, टाके, रिकिबीचे चामडे अशी दुरुस्ती करायला कानपूर गाठण्याची गरज नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जे मानांकन मिळाले त्यात बेळगाव जिल्हाही आहे, आणि अथणी-निपाणीकडच्या चर्मकारांचा हात जाड चामड्यावर बसलेला आहे. सांगाड्याला मात्र त्यांना हात लावू देऊ नये.

राहिले पुण्याचे वापरलेले खोगीर, आणि माझा कौल त्यालाच आहे. पट्टी घरी बदलता येते. सिंथेटिक असल्याने खानापूर-बेळगावच्या पावसाळ्यात त्याला बुरशी धरण्याचा त्रास कमी. चामड्याचे खोगीर जूनपासून सप्टेंबरपर्यंत आठवड्याला पुसावे लागते, हे आपणास ठाऊक आहेच. स्पर्धेच्या नियमातही खोगिराचा आकार पाहतात, किंमत नव्हे. रुंदी बदलणारे खोगीर वेगवेगळ्या रुंदीच्या घोड्यांना चालण्यासारखे असल्याने पुढे विकायलाही सोपे जाते. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई खेळांत ड्रेसाज संघाला मिळालेल्या सुवर्णपदकामुळे, घोडेस्वारीतल्या ४१ वर्षांनंतरच्या त्या सुवर्णामुळे, आपल्याला हा नाद लागला असे आपण लिहिले आहे. नाद टिकला तर तीन-चार वर्षांनी भारी खोगीर घेता येईल, आणि टिकला नाही तर यातले बरेच पैसे परत येतील.

पैसे कुठून आणायचे? भिशीचे ६०,००० इथे वापरावेत आणि फिटर वगैरेंचे १५,००० धरून उरलेले ३०,००० ते ४०,००० एका महिन्याच्या शिल्लकीतून आणि फार तर पुढच्या महिन्यातल्या थोड्या रकमेतून घालावेत. पाटल्या एक वर्ष पुढे गेल्या तर दहावीतल्या मुलीचे काही अडणार नाही. घोड्याची पाठ वर्षभर थांबणार नाही. त्यानंतर दर महिन्याच्या शिल्लकीतले १२,००० मुदत ठेवीला जोडत जावेत, म्हणजे तूट साधारण अकरा महिन्यांत भरून निघेल, आणि ५,००० ची भिशी पूर्वीसारखी चालू ठेवावी.

रविवारी तीन मुलांना शिकवून मिळणाऱ्या पैशांपोटी खोगीर खर्चात दाखवता येईल का, असेही आपण विचारले आहे. ते उत्पन्न अनुमानित पद्धतीने, म्हणजे जमेच्या ठरावीक टक्क्याने, दाखवत असाल तर घसारा त्यातच धरलेला असतो, वेगळा मिळत नाही. हिशेबाच्या वह्या ठेवत असाल तर शिकवण्यासाठी जेवढा वापर होतो तेवढ्याच प्रमाणात, वर्षाला १५ टक्के दराने घसारा मिळेल. या रकमेवर वाचणारा कर इतका किरकोळ आहे की त्यासाठी निर्णय फिरवू नये. शाळेच्या नियमांत बाहेरच्या शिकवणीला परवानगी लागते का, ते मात्र आधी पाहून घ्यावे.

पैसे पाठवण्यापूर्वी दोन कामे करावीत. पहिले, नकाशे काढणारे विद्यार्थी वापरतात ती हवी तशी वाकणारी रबरी पट्टी आणावी. घोडा सपाट जमिनीवर सरळ उभा करून, खांद्याच्या पात्यामागे दोन बोटे अंतरावर ती पट्टी पाठीवर दाबून बसवावी आणि तोच आकार पुठ्ठ्यावर उतरवून तारीख घालावी. शेवटच्या बरगडीची जागाही चाचपून खूण करावी, कारण खोगीर त्या खुणेच्या मागे जाता कामा नये. हा पुठ्ठा फिटरला दाखवावा आणि दर महिन्याला नवी रेष काढावी. दोन रेषांतला फरक पाहूनच पुढे खोगिराची पट्टी बदलायची की नाही ते ठरेल.

दुसरे, पुण्याच्या विक्रेत्याकडे आठ दिवस वापरून पाहण्याची अट घालावी, अनामत रक्कम द्यावी आणि ती परत मिळण्याचे लेखी घ्यावे. पहिल्याच दिवशी आपण खोगिरावर बसल्यावर उंचवट्याच्या वर दोन-तीन बोटे मोकळी राहतात का, आणि मधला खोबणीचा भाग कण्याला कुठेही टेकत नाही ना, हे बरोबरच्या माणसाकडून पाहून घ्यावे. अर्धा तास चालवून खोगीर उतरवल्यावर घामाने भिजलेल्या पाठीत एखादा कोरडा चट्टा राहिला असेल तर तिथे दाब चुकतो आहे असे समजून फिटरला छायाचित्र पाठवावे. भाव ७५,००० पर्यंत यायला हरकत नसावी. सध्या त्यात कोणत्या मापाची पट्टी बसवलेली आहे, हे फोनवरच विचारावे. आपल्या पुठ्ठ्यावरच्या रेषेला ती जुळत नसेल, तर नव्या पट्टीची किंमत त्या ७५,००० मधून वजा करूनच सौदा बोलावा.