इंग्रजांच्या काळात पौराणिक नाटकावर बंदी कशी काय घालता आली?

तुमचा प्रश्न असा की कीचकवध ही तर महाभारतातली गोष्ट, त्यात इंग्रजांचं नावसुद्धा नाही, मग सरकारने बंदी घातली ती कशाच्या जोरावर, आणि तेव्हा प्रत्येक नाटकाला परवाना लागायचा का?

परवान्याचं आधी सांगतो. इंग्लंडात 1737 पासून नव्या नाटकाची संहिता आधी लॉर्ड चेंबरलेन या राजदरबारातल्या अधिकाऱ्याकडे द्यावी लागायची, पास झाली तरच प्रयोग, आणि हे पार 1968 पर्यंत चाललं. आपल्याकडे सरसकट तसं नव्हतं. आपल्याकडे होता 1876 चा नाट्यप्रयोग कायदा आणि तो आला कलकत्त्यामुळे. तिथल्या एका सरकारी वकिलाने प्रिन्स ऑफ वेल्सला घरी बोलावून थेट जनान्यात नेलं, ग्रेट नॅशनल थिएटरने त्यावर प्रहसन केलं, त्यावरून व्हाइसरॉय नॉर्थब्रुकने फेब्रुवारीत वटहुकूम काढला आणि डिसेंबरात त्याचा कायदा झाला.

खरी मेख कलम 3 मध्ये आहे. प्रयोग बदनामीकारक आहे, सरकारविषयी अप्रीती पसरवणारा आहे किंवा प्रेक्षकांना बिघडवणारा आहे असं सरकारचं नुसतं मत झालं की बंदी! कोर्टात काही सिद्ध करायची गरजच नाही. हुकूम मोडला तर तीन महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही, पोलिसांना थिएटरात शिरून पडदे-पोशाख जप्त करायची मुभा, आणि जाणूनबुजून बंदी असलेला प्रयोग बघायला बसलेला प्रेक्षकसुद्धा गुन्हेगार. मला यातलं हे शेवटचं सगळ्यात भयंकर वाटतं.

आता कीचकवध. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर म्हणजे टिळकांच्या केसरीतले, नाटक 1907 चं, बंगालच्या फाळणीचा राग अजून ताजा. रंगमंचावर कीचक सैरंध्री झालेल्या द्रौपदीच्या मागे लागलाय, कंकभट्ट झालेला धर्मराज सबुरीने घ्या म्हणतोय आणि बल्लव झालेला भीम आतल्या आत धुमसतोय, हे बघताना कीचक म्हणजे फाळणी करणारा व्हाइसरॉय कर्झन, सैरंध्री म्हणजे देश, धर्मराज म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल हे कोणाला समजावून सांगावंच लागत नव्हतं. लंडनच्या टाइम्सने जानेवारी 1910 मध्ये या नाटकावर लिहिलं, त्यात संवादांइतकंच प्रेक्षकांचं वर्णन आहे, पुरुषांचे ताणलेले संतप्त चेहरे, बायकांचे चमकणारे डोळे, आणि कीचक मेला की सगळ्या थिएटरभर उठणारा समाधानाचा हुंकार. सरकारला भीती होती ती या हुंकाराची, आणि तो छापील पुस्तकात कुठून सापडणार?

तरी जवळजवळ तीन वर्षं प्रयोग होत राहिले. मग 21 डिसेंबर 1909 ला नाशिकच्या विजयानंद थिएटरात शारदाच्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनला अनंत कान्हेरेंनी गोळ्या घातल्या, वातावरण एकदम तापलं आणि 1910 च्या सुरुवातीलाच कीचकवधवर बंदी आली. पौराणिक कथा असल्याने काहीच फरक पडला नाही, कारण कायद्याने कथा कुठली ते विचारलंच नव्हतं, प्रयोगाने लोकांच्या मनात काय पेटतं एवढंच विचारलं होतं.

आणि हा कायदा इंग्रजांबरोबर गेला असं समजू नका, जुने कायदे काढून टाकताना संसदेने तो रद्द केला तो थेट 2017 च्या रद्दीकरण कायद्याने.