मेळाव्यात बोलून बसलो, आता लिहिलेलं टाकायला हात होईना

“मॅडम, तिथं सगळ्यांसमोर माइकवर सांगून बसलो की ब्लॉग सुरू करतोय, आता लिहून ठेवलंय पण टाकायला हात होईना.” मी समुपदेशक आहे, आणि थोड्याफार फरकानं हे वाक्य मी बऱ्याच जणांकडून ऐकलंय. सांगली-मिरजेत हल्ली कुठल्या ना कुठल्या समाजाचा नाहीतर व्यापाऱ्यांचा मेळावा असतोच, मंगल कार्यालयात खुर्च्या मांडलेल्या, प्रत्येकानं उठून मिनिटभर ओळख करून द्यायची, मग चहा, कार्डांची देवाणघेवाण, फोटो. माणूस तिथून भारावून घरी येतो आणि पुढच्या आठवड्यात त्याची झोप उडते. ज्यांचं असं होतंय त्यांच्यासाठी एक केस सांगते. परवानगी घेतलीय, आणि ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

हळदीच्या एका अडत दुकानात हिशेब बघणारे गृहस्थ, चाळिशीतले, त्यांना आपण दिवाणजीच म्हणू. बायकोनं जवळजवळ ओढूनच आणलेलं. “रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाईल घेऊन बसत्यात, काय झालं विचारलं की अंगावर येत्यात,” असं ती म्हणाली आणि दिवाणजी खाली मान घालून बसले.

झालं होतं असं की मेळाव्यात चहाच्या रांगेत त्यांची पुण्याच्या एका मसालेवाल्याशी गाठ पडली आणि विषय निघाला हरिपूरच्या पेवांचा. सांगलीजवळ हरिपूरला जमिनीखाली खोल पेवं खणून त्यात हळद साठवायचे, २००५ च्या महापुरात त्यातली बरीच निकामी झाली. दिवाणजींचे आजोबा त्या पेवात उतरणारे. हे बोलत राहिले, मसालेवाला ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, “अहो हे लिहा की कुठंतरी.” नंतर माइक हातात आला तेव्हा त्याच भरात यांनी जाहीर करून टाकलं.

घरी आल्यावर आधी ब्लॉगला नाव शोधण्यात दिवस गेले, मग रंग, मग वरचा फोटो, मग परत नाव. लिहिलेलं सगळं ड्राफ्टमध्ये. हे सगळं करताना काम चाललंय असंच वाटतं, आणि म्हणून ते फार चिवट असतं, कारण ज्याची भीती वाटते ते एकच बटण सोडून बाकी सगळ्याला माणूस हात लावत राहतो, क्षणभर बरं वाटतं आणि भीती आहे तिथंच राहते, उलट वाढते. टाळलं की भीती पोसली जाते, हे समुपदेशनातलं अगदी पायाचं सूत्र आहे.

अशा वेळी घरचे म्हणतात “त्यात काय घाबरायचं, बिनधास्त टाका.” मी तसं म्हणत नाही. ‘लोक काय म्हणतील’ यातले लोक कोण ते आधी नावानिशी वहीत लिहायला लावते. दिवाणजींच्या वहीत आले शेठ, थोरले मेहुणे, मेळाव्यातली कार्डवाली मंडळी आणि शाळेत शुद्धलेखनावरून उभं करणारे एक सर.

यातली शेठची भीती खरी होती. कुणाचा माल किती आला, कुणाकडं किती येणं आहे, आज कुठल्या भावानं सौदा झाला, हे सगळं यांच्या हातात, आणि अशा माणसानं जपून लिहिलंच पाहिजे. ही काळजी म्हणजे आजार नव्हे, ती शहाणपणाची गोष्ट आहे, आणि समुपदेशकानं तिला उडवून लावलं तर माणसाचा आपल्यावरचा विश्वास जातो. म्हणून आम्ही ठरवलं की गिऱ्हाइकाचं नाव, चालू भाव आणि येणी-देणी यातलं काही लिहायचं नाही, आणि लिहायच्या आधी शेठच्या कानावर घालायचं. ते सांगायलाच दिवाणजींना बरेच दिवस लागले. शेवटी एकदा दुकान बंद करताना बोलले. शेठ म्हणाले, “दुकानाचं नाव नको घालू, बाकी लिही की.” इतकंच.

बाकीच्या नावांची गोष्ट वेगळी. आपल्याकडं सगळे बघतायत असं वाटणं जवळजवळ प्रत्येकाला होतं. थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत यावर प्रयोग केला, तो २००० साली छापून आला. विद्यार्थ्याला लाज वाटेल असा एका गायकाचा चेहरा असलेला टी-शर्ट घालून भरलेल्या खोलीत पाठवायचे आणि नंतर विचारायचे की किती जणांच्या लक्षात आलं असेल. त्यांचा अंदाज असायचा निम्म्यांच्या, खरं तर जेमतेम पाव जणांच्या लक्षात आलेलं असायचं. हे सांगितल्यावर दिवाणजी म्हणाले, “पण आमचे मेहुणे त्या पावातलेच हायत.” बरोबर होतं त्यांचं. म्हणून मेहुणे काही बोलणारच नाहीत असं मी अजिबात सांगितलं नाही, बोलले तर काय होईल आणि त्यावर आपण काय म्हणू, ते आम्ही बसून बोललो.

मग भाषा. त्यांनी ड्राफ्ट दाखवला, पहिलं वाक्य होतं, ‘हळद हा आपल्या संस्कृतीचा अविभाज्य घटक आहे.’ मी म्हटलं, दिवाणजी, हे बाजूला ठेवा आणि आजोबा पेवात कसे उतरायचे ते मला सांगा. तर म्हणाले, “पेव उघडलं की लगेच नाही उतरायचं मॅडम, आत हवा कोंडलेली असती. उघडून तसंच ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून आत सोडायचा. कंदील विझला की आज्जा म्हणायचा, आज आपली पाळी नाही, आणि बिडी काढून कडंला बसायचा.” सांगताना त्यांचे दोन्ही हात दोरी सोडल्यासारखे हलत होते. मी म्हटलं हेच लिहा, असंच. ते घरी बायकोला बोलून दाखवलं, मोबाईलवर रेकॉर्ड केलं आणि ऐकून ऐकून टाइप केलं. शुद्धलेखन मुलीनं बघितलं.

एकदम जगासमोर टाकायला मी सांगितलं नाही. आधी बायको, मग यार्डातला एक जुना हमाल ज्यानं पेवं बघितलेली, त्यानं एक चूकही काढली आणि ती दुरुस्त झाली, मग पुण्याचा मसालेवाला. दर वेळी आधी लिहायचं की भीती दहापैकी किती आणि झाल्यावर किती. मसालेवाल्याला पाठवायच्या वेळी गाडी अडली, एकदाच भेटलेल्या माणसाला कसं पाठवायचं म्हणून. मला मात्र तिथंच खरी जागा दिसत होती. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञानं १९७३ मध्ये मांडलं की नव्या संधी, नव्या बातम्या आपल्याला जवळच्यांपेक्षा तोंडओळखीच्या माणसांकडून जास्त मिळतात, कारण जवळच्यांना माहीत असतं ते बहुतेक आपल्यालाही माहीत असतं. मेळाव्याचा उपयोग असतो तो हाच. पण त्यासाठी ब्लॉग सजून तयार व्हायची वाट बघायची गरज नाही, ‘त्या दिवशी बोललो ते लिहिलंय, बघता का’ एवढा मेसेज पुरतो. त्यांनी तेवढाच केला. मसालेवाल्याचा उलट फोन आला, कंदिलाबद्दल अजून विचारायला.

त्यानंतर एका रविवारी त्यांनी लेख टाकला. वाचणारे थोडेच होते, आणि मेहुणे त्यात होतेच. पुढच्या लग्नात पंगतीत सगळ्यांदेखत म्हणाले, “काय लेखकराव, हिशेब सोडून आता गोष्टी व्हय?” दिवाणजींचे कान तापले, हात थरथरला, पण ठरवल्याप्रमाणं म्हणाले, “व्हय, आज्ज्याची लिहिलीय, तुम्हाला पाठवतो.” मेहुण्यांनी आमटी मागून घेतली आणि विषय सरला. ही भीती बोलून बोलून जात नाही, जे घडेल म्हणून घाबरलो ते घडून जातं आणि आपण ताटावर बसून जेवतच असतो, तेव्हा ती उतरते. म्हणून मी बटण दाबण्यापेक्षा त्या पंगतीची तयारी जास्त करून घेते.

प्रत्येकाचं एवढ्यावर भागत नाही. दोन-तीन आठवड्यांच्या वर झोप नाही, कामात लक्ष नाही, छातीत धडधड असं काही असेल, किंवा जगणं नकोसं वाटणारे विचार एकदाही आले, तर ब्लॉगचा विषय बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटा, नाहीतर १४४१६ वर टेली-मानसला फोन करा, सरकारी सेवा आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

दिवाणजींची आमची बैठक आता बंद झालीय. ते रविवारी सकाळी लिहितात, रात्री नाही, हा बायकोनं घातलेला नियम. लेख अजून घरच्या ग्रुपवर टाकत नाहीत, मला विचारलं चालेल का. मी म्हटलं चालेल, मेहुण्यांना पाठवलाय ना.